परसातल्या तळ्यासाठी घेतलेला यूव्ही फिल्टर, दीड वर्ष वापरून झाल्यावर

ज्यांना फक्त घेऊ की नको एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगते. पाणी हिरवंगार झालं असेल, म्हणजे मटारच्या सूपसारखं, तर हा डबा ते आठवड्याभरात नितळ करतो, त्यात खोटं काही नाही. पण तळ्यात बेडूक, चतुर, गोगलगायी असं काही जगावं असं वाटत असेल तर नुसता हा आणून जोडू नका, आधी पुढचं वाचा, कारण मी न वाचता जोडला आणि त्याची किंमत बेडकांच्या पिल्लांनी मोजली.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. एकाच साच्यातले असे डबे वेगवेगळे स्टिकर लावून ऑनलाइन विकले जातात आणि मी जे लिहितेय ते या सगळ्याच प्रकाराला लागू आहे. प्रकार म्हणजे प्रेशर फिल्टर, काळा प्लास्टिकचा गोल डबा, वर क्लॅम्प, आत तीन-चार स्पंजच्या चकत्या, खाली प्लास्टिकचे बायोबॉल (उपयोगी जिवाणू वाढायला जागा देणारे गोळे) आणि मधोमध काचेच्या नळीत ११ वॅटची यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची, ट्यूब. सोबत २५ वॅटचा पाण्यात बुडवायचा पंप. सगळं मिळून साडेआठ हजाराला पडलं.

आमचं तळं आधी सांगते म्हणजे अंदाज येईल. आम्ही साताऱ्याला राहतो, घरामागे परस आहे, तिथे आठ फूट बाय पाच फुटाचा खड्डा, मधे अडीच फूट खोल आणि एका बाजूला पायरीसारखा उथळ भाग. सिमेंट केलं नाही, शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आणून अंथरला, मिस्टरांच्या गावाकडच्या एकांनी शेततळं केलं होतं त्यातला उरलेला तुकडा होता. कडेला काळे दगड. साधारण २००० लिटर पाणी बसतं. पाणी बोअरचं, जड. जानेवारीत भरलं, चौदा गोल्डफिश आणि दोन कोई सोडले, दुकानदार म्हणाला आरामात राहतील. एका कुंडीत कुमुदिनी ठेवली, आणि सासूबाईंचा फुटलेला माठ माशांना लपायला म्हणून तळाशी आडवा टाकला. हा माठ लक्षात ठेवा कारण पाणी किती नितळ आहे ते मी त्याच्यावरूनच मोजते.

होळीपर्यंत माठ दिसायचा बंद झाला. नंतर नंतर तर हात पाण्यात घातला की मनगटाच्या खालचं दिसेना. मी दोनदा अर्धं पाणी उपसून बोअरचं ताजं पाणी भरलं, दोन्ही वेळा चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी आधीपेक्षा जास्त हिरवं. हे का होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. हिरवं पाणी म्हणजे डोळ्याला न दिसणारं तरंगतं शेवाळ, त्याला ऊन हवं आणि खत हवं, ऊन आमच्याकडे मार्चमध्ये भरपूर आणि खत म्हणजे सोळा माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य. पाणी बदललं की थोडं शेवाळ जातं पण तळातला गाळ तसाच राहतो, वर नव्या पाण्यातून क्षार येतात, मग ते पुन्हा जोमाने वाढतं.

एप्रिलमध्ये हा फिल्टर घेतला.

जोडणी सोपी आहे, एका रविवारी मी आणि मुलाने मिळून केली, प्लंबर लागला नाही. पाइपला क्लिप मात्र सोबत आलेल्या वापरू नका, त्या प्लास्टिकच्या आहेत, हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलच्या आणा. आणि लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच) असल्याशिवाय पाण्यात पंप सोडूच नका, आमच्या इलेक्ट्रिशियन दादांनी आधी तो बसवला आणि मगच पॉइंट काढून दिला, पाण्यात हात घालायचं काम रोजचं असतं त्यामुळे यात काटकसर नको. यूव्ही ट्यूब उघडी असताना तिच्याकडे बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय, मोठ्या अक्षरात हवं होतं.

आठव्या दिवशी माठ दिसला. खरंच सांगते, मी चहा घेऊन परसात गेले आणि पाण्यात माठाचा तोंडाकडचा काठ दिसला तेव्हा घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. हे यंत्र काय करतं तर पाणी ट्यूबच्या बाजूने जाताना यूव्हीने तरंगत्या शेवाळाच्या पेशी मरतात, एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या स्पंजमध्ये अडकतात. म्हणजे ट्यूब आणि स्पंज दोन्ही मिळून काम करतात, नुसती ट्यूब घेऊन उपयोग नाही.

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली जी कुठल्याही माहितीपत्रकात नव्हती. पहाटे साडेपाचला बघितलं तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ-आ करत होते. एवढं शेवाळ एकदम मेलं की ते कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढला जातो, त्यात उन्हाळ्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो आणि पहाटे तर सगळ्यात कमी असतो, कारण रात्रभर झाडं आणि शेवाळंसुद्धा ऑक्सिजन वापरतातच. मी घाईघाईने फिल्टरचा बाहेर पडणारा पाइप दोन फूट उंच दगडावर बांधला म्हणजे पाणी धबधब्यासारखं पडायला लागलं, तासाभरात मासे खाली गेले. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या दिवसापासूनच पाणी उंचावरून पाडा आणि पहिले दहा दिवस खाद्य जवळजवळ बंद ठेवा.

दुसरं म्हणजे पंपावर लिहिलेला आकडा. त्यावर तासाला २००० लिटर लिहिलंय ते पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचं, दोन फूट वर चढवलं, पाइपला दोन वळणं दिली, स्पंज थोडे भरले की पाणी बरंच कमी येतं. मी बादली लावून मोजलं, १५ लिटरची बादली भरायला ४५ सेकंद, म्हणजे तासाला १२०० लिटर. तळं २००० लिटरचं असल्यामुळे पावणेदोन तासात एकदा सगळं पाणी फिरतं, ते ठीक आहे, पण कुणाचं तळं ५००० लिटरचं असेल आणि डब्यावर "६००० लिटरपर्यंत" वाचून घेतलं तर पस्तावाल. माझ्या अनुभवाने डब्यावरच्या आकड्याचा एक तृतीयांश धरा. लाइटबिल म्हणाल तर पंप २५ आणि ट्यूब ११ असे ३६ वॅट चोवीस तास, महिन्याला साधारण २६ युनिट होतात.

मे महिन्यात नवीनच प्रकार सुरू झाला. पाणी काचेसारखं, आणि दगडांवर, कागदावर, कुमुदिनीच्या देठांवर केसांसारखं लांब लांब हिरवं शेवाळ. मला वाटलं फिल्टर बिघडला. बिघडला नव्हता, चिकटून वाढणारं शेवाळ ट्यूबपर्यंत जातच नाही तर मरणार कसं, उलट पाणी नितळ झाल्यामुळे ऊन तळापर्यंत पोचायला लागलं आणि त्याचं फावलं. खत तर पाण्यात तेवढंच होतं, आधी ते तरंगतं शेवाळ खात होतं, आता हे खायला लागलं. इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की हा डबा हिरवा रंग काढतो, खत काढत नाही. स्पंजमध्ये अडकलेली घाण तुम्ही हाताने धुऊन बाहेर टाकाल तेवढंच बाहेर जातं, बाकी सगळं तळ्यातच फिरत राहतं.

(केसाळ शेवाळ काढायला बाभळीची काटेरी फांदी बेस्ट, पाण्यात घालून गोल गोल फिरवायची, शेवया गुंडाळल्यासारखं सगळं वर येतं. काढल्यावर तासभर कडेवर ठेवा, त्यात अडकलेल्या गोगलगायी आणि किडे पाण्यात परत जातात, मग आंब्याच्या आळ्यात टाका.)

आता जून. हे लिहायला मला अजून त्रास होतो. पहिला वळवाचा पाऊस झाला त्या रात्री परसात बेडकांचा एवढा आवाज की आम्ही टीव्ही बंद केला. सकाळी उथळ भागात काळ्या मण्यांच्या माळेसारखी अंडी, खरखरीत अंगाच्या टोडची, झाडांना गुंडाळलेली. मुलगा शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर तिथेच बसलेला. चार दिवसांत बारीक काळी पिल्लं सुटी झाली, शेकड्याने. आणि आठवड्याने मी पाणी कमी येतंय म्हणून डबा उघडला तर वरचा स्पंज काळा झालेला, सगळी तीच. पंपाच्या जाळीची भोकं सहा-सात मिलिमीटरची, बेडकाचं पिल्लू त्यातून आरामात ओढलं जातं, आणि पुढे पंख्याचं पातं. मुलाला मी खोटं नाही सांगितलं. त्याने तो स्पंज स्वतः धुतला आणि दोन दिवस परसात आला नाही.

म्हणून सांगते, ही या वस्तूची सगळ्यात मोठी उणीव आहे आणि विकणारा कुणी सांगत नाही. पंप तळ्यात तसाच सोडू नका. मी आता भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घेतलाय, त्याला चारी बाजूंनी आणि वरून शेडनेटचे दोन थर शिवलेत, पंप त्याच्या मधोमध, आजूबाजूला खडी. एवढ्या मोठ्या पृष्ठभागातून पाणी आत येतं त्यामुळे कुठेही जोरात ओढ लागत नाही, पिल्लं नेटवर बसून शेवाळ खाताना दिसतात. जून-जुलैत शिवाय मी पंप रात्रीचा बंद ठेवते, पावसाळ्यात गारवा असतो, मासे कमी आहेत, चालतं.

पण पंप बंद ठेवण्यातसुद्धा एक गोम आहे आणि आपल्याकडे लाइट जाते त्यामुळे ही प्रत्येकाला लागू होते. बंद डब्यात जे उपयोगी जिवाणू स्पंजवर राहतात, म्हणजे माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे, त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. पाणी थांबलं की डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, ते मरायला लागतात, आत कुजकट वास येतो, आणि लाइट आली की पंप ते सगळं पाणी तळ्यात परत ओततो. ऑगस्टमध्ये वादळी पावसात आमच्याकडे अख्खी रात्र आणि अर्धा दिवस लाइट नव्हती, आली तेव्हा पाइपातून राखाडी पाणी आलं, अंड्यासारखा वास. दोन गोल्डफिश गेले. तेव्हापासून नियम, पाच-सहा तासांपेक्षा जास्त लाइट गेली तर आधी डबा उघडायचा, आतलं पाणी झाडांना ओतायचं, स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचे आणि मग चालू. नळाखाली नाही पिळायचे, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, उरलेसुरले जिवाणूही जातात. आणि रात्री बंद ठेवायचा असेल तर सरळ डब्याचं झाकण काढून, पाणी काढून ठेवायचा. कटकट आहे, पण बेडकांसाठी दोन महिने मी करते.

एवढं सगळं झाल्यावर मला राग आला होता आणि डबा विकून टाकावा असं वाटत होतं. गावातल्या एका छोट्या नर्सरीत पाणवनस्पती मिळतात, तिथल्या काकांना मी फोटो दाखवला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मासे किती. सोळा होते, चौदा राहिलेत म्हटलं. ते म्हणाले, "ताई, तुमच्या आजीच्या घरी मोरीचं पाणी कुठं जायचं?" मी म्हटलं परसात, अळूला आणि कर्दळीला. "आणि तिथं कधी चिखलाला वास यायचा का? मग इथं पण तेच करा की."

मी तिथेच उभी राहिले. माझ्या आजीच्या परसात मोरीच्या तोंडाशी अळू, पलीकडे कर्दळ, मग केळी, हे आपल्या सगळ्यांच्या लहानपणीचं चित्र आहे, आणि मी साडेआठ हजाराचा डबा आणून त्याच प्रश्नाशी झटत होते. झाडं खत खातात. खत खाल्लं की शेवाळाला काही उरत नाही. मग झाड छाटलं की ते खत छाटलेल्या पानांबरोबर तळ्याच्या बाहेर जातं, स्पंज धुऊन जेवढं जातं त्याच्या कितीतरी पट.

तर नोव्हेंबरमध्ये आम्ही तळ्याच्या कडेला चार फूट बाय दोन फुटाची विटांची पेटी बांधली, दीड फूट खोल. तळ्याचा पृष्ठभाग चाळीस चौरस फूट, ही आठ, म्हणजे पाचवा भाग, एवढी तरी हवीच असं काका म्हणाले. आत प्लास्टर केल्यामुळे सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात, म्हणून ती पेटी तीनदा भरून ओतली आणि त्यात केळीचा खुंट चिरून आठवडाभर बुडवून ठेवला, विहिरीच्या नव्या टाक्यांना जुने लोक करायचे तसं. मग तळाला भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, त्यावर मोठी खडी, वर बारीक खडी, माती अजिबात नाही. फिल्टरमधून निघालेलं पाणी त्या पाइपात सोडलं, ते खडीतून हळूहळू वर येतं आणि पुढच्या कडेवरून तळ्यात पडतं. खडीत कर्दळ, वेखंड, ब्राह्मी आणि पाणअळू. काकांनी मुळं धुऊन दिली, माती राहू दिली नाही. झाडांचे साडेसहाशे, विटा-सिमेंट-खडीचे तीन हजार, मिस्त्रीची एक दिवसाची मजुरी.

पहिले सहा आठवडे काही फरक दिसत नाही, वेखंड पिवळा पडला तेव्हा मी निराश झाले होते. संक्रांतीनंतर कर्दळीने जो जोर धरला तो धरला. यंदाच्या होळीला पाणी थोडं हिरवट झालं खरं, पण माठ एकदाही दिसेनासा झाला नाही. केसाळ शेवाळ मे महिन्यात आलं, गेल्या वर्षीच्या पावपट असेल.

मासे पण कमी केले. दोन्ही कोई मोठं सिमेंटचं टाकं असलेल्या एका मैत्रिणीला दिले, कोई छोट्या तळ्याचा मासा नाहीच, हातभर वाढतो, तळ उकरतो, कुमुदिनीचे कोंब खातो. आता पाच गोल्डफिश आहेत आणि एका ओळखीच्यांच्या विहिरीतले डोक्यावर चमकता ठिपका असलेले छोटे मासे, इथलेच, पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतात आणि डासांच्या अळ्या टिपतात. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवर वाचत आपण मोठे झालो, त्यामुळे सगळे आधी गप्पीच आणतात, पण गप्पी बाहेरदेशातला मासा आहे, भयंकर वाढतो, आणि बेडकांची अंडी-पिल्लं पण खातो. बंद हौदात ठेवणं वेगळं, पावसाळ्यात ज्या तळ्याचं पाणी वाहून ओढ्यात जातं तिथे नको. शेवाळ खातो म्हणून सकर मासा गळ्यात मारतील, तो पण नको, फूटभर होतो आणि शेवाळापेक्षा घाणच जास्त करतो, मग लोक कंटाळून नदीत सोडतात. हेच जलपर्णीचं. ती पाणी साफ करते हे खरं असलं तरी तिचा एक तुकडा ओढ्यात गेला तर काय होतं ते आपल्या प्रत्येक शहरातल्या नदीवर बघतोच आहोत.

डासांची भीती शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त होती, आणि ती रास्त होती, डेंग्यूचा डास बहुतेक स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. यंदा ऑगस्टमध्ये तपासणीला ताई आल्या, टॉर्च मारून दहा मिनिटं बघितलं, एक अळी सापडली नाही. सापडल्या त्या शेजारी ठेवलेल्या रिकाम्या कुंडीच्या बशीत. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात तळ्यात तिला खाणारे मासे आहेत, चतुराची पिल्लं आहेत, पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या आहेत, बशीत कुणीच नाही.

चतुर म्हणजे या तळ्याची मला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी. त्यांची पिल्लं पाण्यात राहतात, मातकट, कुरूप, आणि अट्टल शिकारी. सकाळी वेखंडाच्या पात्यावर चढून कात टाकतात, पाठ फाटते, आतून ओलसर चुरगळलेले पंख बाहेर येतात, तासाभरात काचेसारखे ताठ होतात. यंदा मी आणि मुलाने पात्यांवरच्या रिकाम्या काती मोजल्या, जुलै ते सप्टेंबर सत्तावीस झाल्या. पावसाळ्यात थव्याने येतात ते पिवळसर चतुर पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात हे कळल्यापासून तर तो परसात उडणाऱ्या प्रत्येकाला टाटा करतो. गोल्डफिश ही पिल्लं आणि बेडकाची अंडी सोडत नाहीत, म्हणून उथळ पायरीच्या कडेला आम्ही दगडांची रांग लावली, फटी एवढ्याच की बारीक जीव जातील, गोल्डफिश नाही. हा बदल फुकटात झाला आणि फिल्टरपेक्षा जास्त फरक याने पडला.

पक्ष्यांसाठी वर जाळी लावू नका. आम्ही खंड्या आणि वंचक मासे नेतात म्हणून नायलॉनची जाळी लावली होती, त्यात दिवड अडकली, बिनविषारी, बिचारी तळ्यातले बेडूक खायला आलेली. सर्पमित्र दादांनी पाऊण तास कात्रीने एक एक धागा कापून सोडवली. त्या दिवशी जाळी गेली ती गेली. वंचक अजून येतो, कडेला पुतळ्यासारखा उभा राहतो, कधी एखादा मासा नेतो, पण मधे खोली आहे, कुमुदिनीच्या पानांनी निम्म्याहून जास्त पाणी झाकलंय आणि माठ आहे, त्यामुळे बाकीचे टिकतात.

खाद्याचं एक राहिलं. सासूबाई रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकायच्या, घाटावरच्या माशांना टाकतात तशा, त्यांच्यासाठी ते पुण्याचं काम. नदीला एवढं पाणी असतं, इथे दोन हजार लिटर. मी एक दिवस त्यांना अमोनिया तपासायचं किट दाखवलं, गोळ्या टाकायच्या आधीचं पाणी पिवळं आणि दुसऱ्या दिवशीचं हिरवट. "अगं बाई, म्हणजे मी विषच घालत होते का गं?" म्हणाल्या, मला फार वाईट वाटलं. आता त्या दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य चिमटीने घालतात, आणि चतुर्थी-एकादशीला माशांना पण उपास असतो. हे किट प्रत्येकाने घ्या, दिसायला नितळ पाण्यातही अमोनिया असू शकतो आणि आमच्या बोअरसारखं पीएच जास्त असलेलं पाणी असेल तर तो जास्त घातक असतो.

गणपतीत शाडूची मूर्ती तळ्यात विसर्जन करायचा हट्ट घरोघरी होईल, करू नका, बादलीत करा. पहिल्या वर्षी आम्ही केली, ती बारीक माती स्पंजमध्ये गच्च बसली, तीन दिवस रोज धुतले.

फिल्टरच्या देखभालीचं थोडक्यात. यूव्ही ट्यूब वर्षाने बदलावीच लागते, साधारण आठ-नऊ हजार तासांनी तिचा जोर जातो, निळा उजेड तसाच दिसतो त्यामुळे चालू आहे असं वाटतं, पण काम होत नसतं. मी एप्रिलमध्ये बदलली, नऊशे रुपये. जड पाणी असेल तर काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो आणि यूव्ही बाहेरच पडत नाही, दर दोन महिन्यांनी प्लग काढून नळी काढायची, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, मऊ फडक्याने पुसायची. वरच्या झाकणाचं रबर चौदाव्या महिन्यात गळायला लागलं, कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही. मोटार दुरुस्तीच्या दुकानात त्याच मापाची ओ-रिंग चाळीस रुपयाला मिळाली, ती बसलीये. वॉरंटी कागदावरच समजा.

पाचपैकी विचाराल तर हिरवं पाणी नितळ करण्याला साडेचार, पंपाला साडेतीन, विक्रीनंतरच्या सेवेला एक, आणि जीव असलेल्या तळ्यात आहे तसा वापरायचा असेल तर दोन. क्रेट केला, झाडांची पेटी जोडली तर चार द्यायला हरकत नाही. पैसे कमी असतील तर पेटी आधी करा, साधा पंप लावा, मासे तळ्याच्या मानाने निम्मे ठेवा, आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या, मग ठरवा ट्यूब हवी का. मी यंदा ती फक्त मार्च ते मे लावली.

आता ऑक्टोबरचं ऊन तापलंय, ट्यूब जूनपासून बंद आहे, आज सकाळी पाण्यात माठ तर दिसलाच, त्याच्या तोंडाशी बसलेला बेडूकही दिसला.